धुराची साक्ष: जुन्या गाडीच्या इंजिनाची पारख
प्रस्तावना

जव्हार-मोखाड्यात जुनी गाडी कोणी हौसेने ठेवत नाही. मुंबई-पुण्यात वीस-पंचवीस वर्षांची गाडी घासूनपुसून रविवारी बाहेर काढणारे लोक आहेत. इथे तेवढ्याच वयाची जीप रोज सकाळी पाड्यावरची माणसं भरून बाजाराला, शाळेला, दवाखान्याला निघते. मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हार, तिथून मोखाडा, मग तोरंगणचा घाट चढून त्र्यंबक आणि नाशिक, असा इथला मुख्य रस्ता. त्याला खोडाळा, सूर्यमाळ, दाभोसा अशा बाजूंनी फाटे फुटतात. एसटीचं आगार जव्हारला आहे, पण फाट्यापासून आतल्या पाड्यापर्यंतचं काम बहुतेक ठिकाणी जीप, ट्रॅक्स आणि जुन्या ओम्नीच करतात. त्यांतल्या कित्येकींवर अजून एमएच-०४ हाच नंबर दिसतो; १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आधीचा, हा मुलूख ठाणे जिल्ह्यात असतानाचा.

घाटाच्या चढावर अशी गाडी मागे धुराचा लोट सोडू लागली की पुढचं बोलणं ठरलेलं असतं. ‘इंजिन कामाला आलं.’ मग गाडी नाशिकला किंवा मनोरला न्यायची, इंजिन खोलायचं, रिंगा-पिस्टन बदलायचे, लायनर बसवायचे. हा खर्च दहा-वीस हजारांत आटोपत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर राबून आलेल्या घराची सगळी शिल्लक त्यात जाते आणि वर उसनवारी होते. एवढं करून इंजिन बांधून आणावं आणि पहिल्याच चढावर धूर पुन्हा दिसावा, असंही घडतं, कारण दोष रिंगांमध्ये नव्हताच. या पुस्तकाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: धूर दिसला म्हणून इंजिन खोलू नका. आधी धुराची नीट चौकशी करा, मग मोजा, आणि मोजल्यावरच पाना हातात घ्या.

धुराचे रंग तीन, हे गॅरेजमध्ये नुकतं लागलेलं पोरगंही सांगेल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल. हे खरं आहे आणि अपुरं आहे. रंगावरून काय जळतंय तेवढं कळतं. ते आत कुठून आलं, हे कळायला धूर कधी येतो, किती वेळ टिकतो आणि त्या वेळी इंजिनावर किती भार असतो, हे पाहावं लागतं. या तपासणीला घाटाइतकी सोयीची जागा नाही.

पेट्रोलची गाडी घ्या. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद होतो, चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि सिलिंडरमध्ये जोराचा निर्वात तयार होतो. व्हॉल्व्हच्या गाईड झिजल्या असतील किंवा त्यांवरची रबरी सीलं कडक होऊन चिरली असतील, तर हा निर्वात हेडमधलं ऑइल थेंबाथेंबाने आत ओढून घेतो. उतार संपून पाय पुन्हा अॅक्सिलरेटरवर पडला की ते साचलेलं ऑइल जळतं, निळ्या धुराचा एक झोत निघतो आणि थोड्या वेळात विरतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होताना असाच एक निळा झटका देते आणि मग स्वच्छ चालते, तेही याच सीलांचं लक्षण. याउलट चढावर, माणसं भरलेली असताना, निळा धूर सतत येत राहिला आणि ऑइल भरायचं झाकण काढल्यावर तिथून भकाभका वाफारा आला, तर संशय रिंगांवर आणि बोअरवर जातो. मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पहिला दोष हेडच्या कामात निस्तरतो, काही इंजिनांत तर हेड न उतरवताही सीलं बदलता येतात. दुसऱ्यासाठी इंजिन खाली घ्यावं लागतं. धुराचा रंग दोन्हीकडे तोच, खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर.

बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांना ही उताराची कसोटी लागू पडत नाही, कारण त्यांत हवा अडवणारा थ्रॉटल नसतो. तिथे निळ्या धुराचं एक वेगळंच कारण पुष्कळदा सुटून जातं. जुन्या जीपांना ऑइल-बाथ एअर क्लीनर असतो: खालच्या वाटीत ऑइल, त्यावरून हवा वळते आणि धूळ त्या ऑइलमध्ये अडकते. वाटीच्या आत पातळीची खूण असते. उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर धूळ फार, म्हणून कोणी ती वाटी खुणेच्या वर भरतो. मग इंजिन हवेबरोबर ते जास्तीचं ऑइल ओढतं आणि निळा धूर टाकतं. रिंगा ठणठणीत, बोअर शाबूत, आणि तरी गाडी धुरात. ब्रीदरची नळी खरपुडीने तुंबली तरी तसंच: क्रँककेसमधला दाब बाहेर पडायला वाट न मिळाल्याने ऑइल नको तिथे ढकलतो. वाटी आणि नळी तपासायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. या पुस्तकात प्रत्येक दोषाची सुरुवात अशा बिनखर्चाच्या तपासणीने केली आहे, आणि हा क्रम कोणी मोडू नये असा माझा आग्रह आहे.

पांढऱ्या धुराने इथे सर्वांत जास्त फसगत होते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. पावसाळ्यात किंवा थंडीतल्या सकाळी ती वाफ पांढरी दिसणारच, आणि सायलेन्सर तापला की नाहीशी होणार. हेड गॅस्केट जळलं असेल तर इंजिन गरम झाल्यावरही वाफ राहते, रेडिएटरची पातळी हळूहळू उतरते, आणि गार इंजिनाचं रेडिएटर उघडून गाडी सुरू केली तर पाण्यात बुडबुडे येत राहतात. कूलंट भरलेलं असेल तर धुराला गोडसर वास येतो. साधं पाणी भरायची सवय असलेल्या गाडीत तोही येत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की गॅस्केट गेलं असं ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. पण मोखाड्याच्या पावसात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती साय नुसत्या ओलाव्यानेही धरते, कारण ऑइल पुरतं तापून त्यातलं पाणी उडायला तेवढं अंतर पुरत नाही. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरची पातळी हलत नसेल, तर गाडी एकदा नाशिकपर्यंत पळवून आणावी आणि झाकण पुन्हा पाहावं. डिझेलमधला पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर मात्र बहुधा न जळलेल्या डिझेलचा: हीटर प्लग कमजोर, पंपाचं टायमिंग मागे गेलेलं, नोझल गळकी, किंवा कॉम्प्रेशन उतरलेलं.

काळ्या धुराबद्दल इथे थोडंच सांगतो. तो बहुतेकदा झिजेचा नसून सवयीचा असतो. तुंबलेला फिल्टर, झिजलेली नोझल, क्षमतेच्या दुप्पट भरलेली माणसं, आणि पिकअपसाठी ‘पंप वाढवून’ घेणं. पंप वाढवला की चढावर जोर आल्यासारखा वाटतो, पण जादा डिझेल अर्धवट जळतं, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि तीच पुढे बेअरिंग-रिंगांची झीज वाढवते.

इंजिनाच्या आत न जाता आतलं जाणून घेण्याची धडपड मोटारगाडीहून जुनी आहे. जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ मध्ये वाफेच्या इंजिनाला एक साधन जोडलं, ते पिस्टनच्या प्रत्येक फेरीतला दाब कागदावर रेषेने काढून दाखवत असे. कॉम्प्रेशन गेजचं कुळ तिथून सुरू होतं. धूर मोजण्याचं कुळ वेगळं. फ्रान्समध्ये मॅक्सिमिलियन रिंगलमन यांनी १८८८ मध्ये कारखान्यांच्या धुराड्यांसाठी काळ्या जाळ्यांचा तक्ता केला. लांबून धूर पाहायचा आणि तक्त्यातल्या कुठल्या जाळीशी जुळतो ते सांगायचं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं, आणि डिझेल रेल्वे इंजिनं आल्यावर १९४०च्या दशकात अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी तिसरी वाट काढली: वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासायचा. त्यात लोह वाढलं तर लायनर किंवा रिंगा, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर हवेतली धूळ आत शिरतेय.

आपल्याकडे यंत्राची ओळख महाराष्ट्राच्या पुष्कळ गावांना विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने करून दिली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्यात उभी राहिली. त्याच सुमाराला, १९४४ मध्ये, वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली होती, आणि १९४७ पासून महिंद्राने विलीज जीप जोडायला सुरुवात केली. विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करणारा हात पुढे जीपवर आणि ट्रॅक्टरवर चालू लागला. त्या पिढीने जी विद्या घडवली तिला मी कानाची विद्या म्हणतो; निदानाची ही पहिली परंपरा. लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून टॅपेटचा, बेअरिंगचा, पिस्टनचा आवाज वेगळा ओळखायचा. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर काजळीचे कोरडे कण पडतात की ऑइलचे तेलकट थेंब, ते पाहायचं. एकेका सिलिंडरची नोझल नळी ढिली करून इंजिनाचा सूर कोणत्या वेळी बदलत नाही, ते पकडायचं. ज्या सिलिंडरने सूर बदलला नाही तो आधीच काम करत नव्हता. कागदावर न उतरलेली ही विद्या वस्तादाच्या हाताखाली वर्षं काढूनच मिळते. मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. तिची उणीव एवढीच की दोन वस्तादांचे कान वेगळं सांगू लागले तर निवाडा करायला काही हाती राहत नाही.

दुसरी परंपरा मापाची. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलांबरोबर ती आली: कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, फीलर, बोअर गेज, मायक्रोमीटर. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन साधारण १० ते १३ किलोच्या आसपास, डिझेलमध्ये २५ ते ३५ किलो मिळतं; नेमका आकडा त्या-त्या इंजिनाच्या पुस्तकातलाच धरावा. आकड्याहूनही महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. सगळे सारखेच थोडे उतरले असतील तर गाडी म्हातारी झाली आहे, चालू द्यावी. एकच उतरला असेल तर तिथे दोष आहे, तो शोधावा. पेट्रोल इंजिनात उतरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं आणि दाब वाढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये ही चमच्याची युक्ती वापरू नये; तिथली ज्वलनाची जागा इतकी लहान असते की ऑइल तीच व्यापतं आणि आकडा फसवा येतो.

तिसरी परंपरा कायद्याची. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्यांचं काम करते आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आले तेव्हापासून पीयूसी हा शब्द घरोघरी गेला. जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक, बीएस-४ गाडीला ५०. पण ही तपासणी उभ्या गाडीवर, मोकळ्या इंजिनाचा अॅक्सिलरेटर दाबून होते. पेट्रोलची तर नुसत्या आयडलिंगवर. घाटात भाराखाली धूर मारणारं इंजिन सपाटीवर उभं राहून पास होऊ शकतं. म्हणून पीयूसीचा कागद म्हणजे इंजिनाच्या तब्येतीचा दाखला असं कोणी समजू नये. तो त्यासाठी बनलेलाच नाही. चौथी परंपरा स्कॅनरची. बीएस-६ गाड्या १ एप्रिल २०२० पासून आल्या, पण गाडीच स्वतःचा दोष सांगू लागली ती त्याच्याही आधीपासून. नव्या गाड्यांसाठी ती उत्तम वाट आहे. प्यूजो डिझेलच्या जीपला, मर्सिडीजच्या जुन्या डिझेलवर बेतलेल्या ट्रॅक्सला किंवा कार्बोरेटरवाल्या ७९६ सीसीच्या मारुतीला स्कॅनर लावायला जागाच नाही.

झिजेबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यावर निम्मं पुस्तक उभं आहे. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते, तिथे दाब आणि उष्णता सर्वांत जास्त आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ. झीजही तिथेच जास्त. हेड उतरवल्यावर बोअरच्या तोंडाशी नखाला जी कड लागते, ती म्हणजे न झिजलेला मूळ भाग. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या दिशांनी मोजलं की बोअर निमुळता झालाय की लंबगोल, ते कळतं. त्यावरून ठरतं की नुसत्या रिंगा पुरतील, की बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन घालावे लागतील, की नवे लायनर. माप न घेता निमुळत्या बोअरमध्ये नव्या रिंगा टाकल्या तर रिंग प्रत्येक फेरीत वर फाकते, खाली दबते, आणि काही महिन्यांत धूर परत येतो. बांधून आणलेलं इंजिन पहिल्याच हंगामात ‘परत बसलं’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं.

झीज वाढवणाऱ्या गोष्टींत इथे पहिली धूळ. एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप एका ठिकाणी चिरला तर फिल्टर नवा असूनही मुरमाची धूळ थेट बोअरमध्ये जाते. दुसरी, भेसळीचं इंधन. रेशनचं निळं रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा या भागाला परका नव्हता. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ पकडायला गेले असता जिवंत जाळण्यात आलं. त्या धंद्याची किंमत एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने प्राणांनी मोजली. इंजिनात शिरलेलं रॉकेल पेट्रोलसारखं पुरतं जळत नाही, बोअरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढताना दिसली तर आनंद मानू नका, ऑइलचा वास घ्या.

हे पुस्तक आत्ताच का, असं कोणी विचारेल. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून बाद होऊ लागल्या, आणि जुनी खासगी गाडी मोडीत काढावी की ठेवावी हा प्रश्न प्रत्येक मालकासमोर आला आहे. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. शहराला हे परवडतं, तिथे पर्याय आहेत. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयातून पुढे पाठवलेला रुग्ण नाशिकला न्यायचा असतो, पाड्यावरून बाळंतिणीला मुख्य रस्त्यावर आणायचं असतं. अशा वेळी रुग्णवाहिका येईपर्यंत जी गाडी दारात असते, ती जुनीच असते. ती घाटात बंद पडू नये, हे पहिलं. दुसरं, तिच्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी तिचा धूर का म्हणून प्यावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. मागचा पडदा फाटलेल्या जीपमध्ये सायलेन्सरच्या नळीजवळ लहान मुलं बसतात. जुनी गाडी ठेवायचीच असेल तर ती धूर न मारणारी ठेवावी, आणि जिचं इंजिन मापानेच संपलेलं ठरलं ती मोडीत द्यावी. दोन्ही निर्णयांना आधार निदानाचाच हवा.

आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त टोचतं. कानाची विद्या जाणणारे मिस्त्री म्हातारे होत आहेत. नवी पोरं स्कॅनर शिकतात, ते योग्यच आहे. पण जुनी गाडी समोर आली की त्यांच्याकडे ना वस्तादाचा कान असतो ना गेजची सवय, आणि मग ‘खोलून बघू’ हा एकच उपाय उरतो. या पुस्तकाने पहिल्या दोन परंपरा एकत्र आणायचा प्रयत्न केला आहे. कानाने जे ओळखलं ते मापाने कसं तपासायचं, आणि माप वेगळं सांगू लागलं तर कुठे पुन्हा पाहायचं, असा प्रत्येक दोषाचा मार्ग आखला आहे. ऑइलच्या प्रयोगशाळा-तपासणीवर थोडंच लिहिलं आहे, कारण एका जीपमालकाला ती सोयीची नाही. तिच्यातली काय जळलं, काय झिजलं ही विचाराची रीत मात्र जागोजागी घेतली आहे. बीएस-६ इंजिनांना हात लावलेला नाही.

पुस्तक तिघांसाठी आहे. गाडीचा मालक, जो बहुधा चालकही असतो. आयटीआय करून गॅरेजमध्ये शिरलेला मुलगा. आणि सेकंडहँड गाडी घ्यायला भिवंडीला किंवा नाशिकला निघालेला माणूस. या तिसऱ्याला एक सूचना आधीच देऊन ठेवतो. विक्रीला ठेवलेल्या गाडीत धूर दबावा म्हणून घट्ट ऑइल भरायची जुनी चलाखी आहे. ती गरम इंजिनावर लपते. म्हणून गाडी पाहायला सकाळी लवकर जावं, इंजिनाला हात लावून ते गार आहे याची खात्री करावी, आणि मालकाने ‘तुम्ही येणार म्हणून आधीच गरम करून ठेवली’ असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं.

शब्द गॅरेजचेच ठेवले आहेत: बोअर, लायनर, नोझल, गाईड, बॅक कॉम्प्रेशन. मिस्त्रीशी बोलताना मालकाला हेच शब्द लागतात. पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं जोडली आहेत, त्यांवर सहा रकाने आहेत: तारीख, किलोमीटर, किती ऑइल वर घातलं, किती पाणी घातलं, किती डिझेल-पेट्रोल लागलं, आणि धूर कोणत्या रंगाचा, कधी दिसला. वाचायला सुरुवात करण्याआधी पहिली ओळ भरावी. पुढचे दोन-तीन महिने प्रत्येक वेळी डिपस्टिक पाहून ती वही चालू ठेवली, तर मिस्त्रीकडे जाताना हजार किलोमीटरला गाडी किती ऑइल खाते, हे मालक आकड्यात सांगू शकेल. इंजिन खोलायचं की नाही, या बोलण्याची सुरुवात त्या आकड्यापासून व्हायला हवी.